काड्यापेटीएवढी वैनगंगा

ज्या सकाळी मी पवनी सोडली, त्या सकाळी बाबा स्टँडवर आले नाहीत. गल्लीत ताणा पसरून त्यांची पाजणी चालली होती, आणि सुताला लावलेली खळ ओली असताना विणकर जागचा हलत नाही, मग मुलगी पुण्याला जावो की पाताळात. हातातला कुंचा न थांबवता त्यांनी नुसतं विचारलं, "कागद कापून पोट भरते काय पोरी?" आई मात्र एसटीच्या खिडकीपर्यंत आली. पिशवीत तांदूळ कोंबत म्हणाली, "तिकडचा भात गोड नसते माय." बाबांचा मला फार राग आला होता.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बोचकं उचलून निघालेल्यांनो, तुम्ही सगळे एकच विचारता: तू करतेस तरी काय? तर ऐका. लाकडाचा ठोकळा कोरते, त्यावर रंग आणि तांदळाची खळ ब्रशने एकत्र फिरवते, वर ओलसर कागद ठेवून पाठीमागून गोल गादीने घासते. ही जपानी छपाई मी पुण्यातच शिकले. मावशीने उभ्या गल्लीत काहीही सांगितलं असलं, तरी मी जपानला गेलेले नाही. मग एका कागदावर आभाळ छापायचं आणि त्यावर बाकीचे छापील कागद कापून चिकटवायचे: धानाच्या बांध्या, तलाव, वैनगंगेचा घाट. सगळं काड्यापेटीएवढं. पहिल्यांदा खळ शिजवली तेव्हा अख्ख्या फ्लॅटला आमच्या गल्लीचा वास आला आणि मी ढसाढसा रडले. हल्ली शिजवताना गाणं म्हणते.

बाबांची अट मात्र कायम होती. फोनवर दरवेळी तेच. "मी येऊन पाहीन. काम वाटलं त राय, नाई त सामान बांध." सामान मी बांधणार नव्हतेच, पोट व्यवस्थित भरत होतं. पण त्यांनी याला 'काम' म्हणावं एवढं मला हवंच होतं, आणि ते कुठल्या गिऱ्हाइकाकडून मिळण्यातलं नव्हतं.

परवाच्या प्रदर्शनाला ते आले. लोक हातभर लांब उभे राहून माना डोलावत होते. बाबांनी चष्मा पुसला, दोऱ्याला टांगलेलं एक चित्र सरळ काढलं आणि उलटं केलं. "काका, हात नका लावू!" म्हणत दालनातली बाई धावली. मी तिला अडवलं. आमच्या घरात लुगडं पुढून कुणी पारखत नाही. पुढून कुणीही फसवेल. गाठी आणि तुटके धागे मागे असतात. माझा जीव टांगणीला लागला. चित्राच्या पाठीवर आभाळाचा निळा झिरपून आला होता, गादीचे वळ उमटले होते. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"इथं खळ जाड झाली," ते म्हणाले. मग चित्र पुन्हा टांगत, "बाकी काम साफ हाये."

पुण्यात माझं कौतुक करणारे ढीगभर आहेत, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण माझं चित्र उलटं करून बघणारा माणूस जिथे राहतो, ते माझं घर. मी तिथे राहत नाही, एवढंच.