नरोटी ओली की सुकी

सकाळी घंटागाडीचं गाणं चावडीपाशी ऐकू आलं की सुभद्रामावशी चष्मा चढवायच्या, हातात कपाशीच्या पऱ्हाटीची काडी घ्यायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. तोवर गल्लीतल्या सगळ्यांच्या बादल्या बाहेर आलेल्या असत. मावशी एकेका बादलीत काडी घालून वरखाली करत. कांद्याच्या सालांत गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं, की ते काडीच्या टोकावर उचलून त्याच घराच्या उंबऱ्यावर ठेवून देत. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. ग्रामपंचायतीनं घरोघरी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्या वाटल्या होत्या, तपासनीस नेमला नव्हता. "कचरा खोटं नाई बोलत मॅडम," त्या मला सांगत. "माणूस सांगते भाजीभाकर खाल्ली, अन् बादलीत निंगते चिवड्याचं पाकीट."

इंझोरीजवळच्या त्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते आणि मावशींच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिले काही दिवस मला वाटलं, बाई स्वच्छतेची केवढी भोक्ती आहे. मग कळलं, की लोक स्वच्छतेसाठी कचरा वेगळा करतात, मावशी वैरापोटी करतात.

वैर होतं धाकट्या जावेशी, देवकाबाईंशी. दोघींचे नवरे वारलेले, मुलं पुण्यात नोकरीला, आणि दोन घरांच्या मधे तुराट्यांचं कुंपण. वाटणीत शेत वाटलं गेलं, भांडी वाटली गेली, उकंडा मात्र सामाईक राहिला. एका वर्षी, दोघींचे नवरे असतानाच, त्या उकंड्यातलं शेणखत वावरात पसरताना मावशींच्या तळपायात बांगडीची काच घुसली. काच हिरवी होती आणि हिरव्या बांगड्या देवकाबाई घालत. मावशींनी ती काच धुऊन देवकाबाईंच्या ओट्यावर ठेवली. देवकाबाई म्हणाल्या, गावात हिरव्या बांगड्या भरणारी मी एकटीच हाओ काय? तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. विहारात वंदनेला बसल्या तरी एक ओळीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

बोलणं बंद होतं, पण भांडण चालू ठेवायची सोय नव्हती. ती सोय इंटरनेटनं करून दिली. मुलानं पाठवलेला मोठा फोन घेऊन मावशी माझ्याकडे आल्या आणि स्टेटस कसं ठेवतात ते दाखवा म्हणाल्या. लिहिण्याचा कंटाळा, म्हणून मी त्यांना बोलून लिहायला शिकवलं. रेंज फक्त गोठ्याच्या खांबापाशी यायची. तिथं बैलांच्या साक्षीनं मावशी फोन तोंडापाशी धरून मजकूर सांगत. फोनला मात्र वऱ्हाडी कळत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी ठणकावून सांगितलं की ओला वेगळा ठेवा, आणि फोननं लिहिलं, 'भोला वेगळा ठेवा.' संध्याकाळी स्टँडवरचा भोला चहावाला दारात हजर. माह्या हातून असं काय झालं की गावानं मले वेगळं ठेवावं, असं तो विचारू लागला. मावशींनी त्याला चहा पाजला आणि जाताना त्याच्या दुकानातले कागदी कप कोणत्या बादलीत जातात तेही विचारून घेतलं.

हळूहळू फोनलाही मावशींची बोली कळू लागली. 'काई लोकाईच्या बादलीत ओलं-सुकं एक झालं, पन मन काई एक झालं नाई,' असं मावशींचं स्टेटस पडे. मी म्हटलं, हे देवकाबाईंना लागेल. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी कोनाचं नाव घेतलं काय? ज्याले लागलं त्याचं." मग थोड्या थोड्या वेळानं खांबापाशी जाऊन, पाहणाऱ्यांच्या नावांत देवकाचं नाव आलं का ते बघत. ते आल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

देवकाबाईंचं उत्तर गुलाबाच्या फोटोवर येई. 'दुसऱ्याच्या बादलीत पाहता पाहता आपली भाजी करपते.' ते वाचून मावशी दचकल्या, कारण आदल्या दिवशी त्यांची वांग्याची भाजी खरंच करपली होती. कुंपणापलीकडेही काडी होती तर.

सगळ्यांत मोठी लढाई नरोटीवरून झाली. नारळाची नरोटी ओल्या बादलीत टाकायची की सुक्या? मावशींनी यूट्यूबवर विचारलं, तिथला माणूस म्हणाला, सुक्या. देवकाबाईंनी विचारलं, त्यांना भेटलेली बाई म्हणाली, ओल्या. दोघींनी आपापले व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकले. गल्लीचे दोन पक्ष झाले. मी मावशींना म्हटलं, नेटवर कोणीही काहीही सांगतं. त्यांना ते पटलं नाही. "तो माह्या ओळखीचा नाई, पाळखीचा नाई," त्या म्हणाल्या. "माह्याशी खोटं बोलून त्याले काय भेटनार हाय?" शेवटी प्रश्न ग्रामसभेत गेला. सरपंचांनी दोन्ही बाजू ऐकून नरोटी चुलीत घालावी असा निकाल दिला. त्या दिवशी प्रथमच दोघी जावांचं एकमत झालं: सरपंचाला काही समजत नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मावशींनी जेवायला उशीर केला. स्टेटस ठेवलेलं होतं, देवकाबाईंनी ते पाहिलं नव्हतं. सकाळी गाडी आली तर देवकाबाईंच्या दारात बादली नाही. त्यांची बादली एरवी सगळ्यांच्या आधी बाहेर येई. मावशी म्हणाल्या, मुद्दाम करून राह्यली. गोठ्यात जाऊन त्यांनी नवं स्टेटस ठेवलं, काही लोक आता बादल्या लपवून राहिले म्हणून. तेही पाहिलं गेलं नाही. मावशींनी हातातला चहा खाली ठेवला. तो निवला, त्यावर साय धरली, तरी त्या खांबापाशीच उभ्या होत्या. मग एकदम चपला न घालता निघाल्या आणि देवकाबाईंच्या दारातून सरळ आत शिरल्या. मी मागोमाग गेले.

देवकाबाई खाटेवर होत्या, तापानं फणफणलेल्या. डोळे अर्धे मिटलेले, उशाशी बंद पडलेला फोन, चूल थंड. मावशी खाटेपाशी गेल्या. इतक्या वर्षांनी कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचेना.

"काहून वं देवका," शेवटी त्या म्हणाल्या, "बादली काहून नाई काहाडली आज?"

देवकाबाईंनी कष्टानं मान वळवली. "तुमी नरोटी पाहाले आल्या काय, बाई?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, मला दिसलं नाही. लगेच त्यांनी मला ऑटो बोलवायला पिटाळलं.

मानोऱ्याच्या दवाखान्यात देवकाबाईंना सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मावशी खाटेशेजारून हलल्या नाहीत. ताप उतरून देवकाबाईंना गाढ झोप लागली तेव्हा कुठे त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांना कोपऱ्यातले डबे दिसले. पिवळा, लाल, निळा. मावशी उठून उभ्या राहिल्या. सिस्टर आल्यावर त्यांनी विचारलं, नरोटी यातल्या कोणत्या डब्यात? सिस्टर म्हणाली, आमच्याकडे नरोटी येत नाही. मावशींना ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं.

दोघी घरी परतल्या त्या बोलतच. तुराट्यांचं कुंपण मधोमध मोडून वाट झाली. स्टेटस बंद पडली. गल्लीला करमेनासं झालं, भोलानं तर मला विचारलंही, की मावशींचा फोन बिघडला काय?

पुढे माझी बदली वाशीमकडे झाली, आणि नंतर देवकाबाईंना त्यांच्या मुलानं कायमचं पुण्याला नेलं. मावशी फोनवर एवढंच म्हणाल्या, की गेली ते बरं झालं, तिथं डॉक्टर जवळ आहे. मी दिवाळीच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं तशी मावशींनी आपल्या कांद्या-वांग्यांची सालं दोन बादल्यांत निम्मी निम्मी केली. एक बादली स्वतःच्या दारात ठेवली. दुसरी घेऊन कुंपणातल्या वाटेनं गेल्या आणि कुलूप लावलेल्या घरासमोर ठेवून आल्या. मी बघत होते, म्हणून त्या जराशा ओशाळल्या.

"गाडी थांबली पाह्यजे मॅडम," त्या म्हणाल्या. "नाईतं ड्रायवर ते घर इसरून जाईन."