वाचून दाखवलेली अर्जी

निजामाच्या अमलात मी बीडच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून अर्ज्या लिहायचो. कारभार सगळा उर्दूत आणि रयत मराठी, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. रिवाज असा होता की अर्जी लिहून झाली की ती मराठीत वाचून दाखवायची आणि मगच अंगठा घ्यायचा.

एकदा नांदूरघाटाकडची एक बाई आली. ऐन पेरणीत पोलिसांच्या अमीनाने, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराने, तिच्या नवऱ्याची बैलगाडी वेठीला मागितली होती. तो नाही म्हणाला. अमीनाने त्याला ठाण्यात नेऊन मारलं, उजवा हात मोडला.

"मनगटातून लोंबतोय हात. तिफन कशी धरावी त्यानं? वरच्या सायबाला समदं लिवा," ती म्हणाली.

मी बोरू उचलला. लिंबाखाली कोणी बसायचं हे तोच अमीन ठरवायचा. मी लिहिलं की नवरा ठाण्याच्या पायरीवरून पडला, सरकारने औषधपाण्याची मेहेरबानी करावी. वाचून मात्र तिचंच म्हणणं दाखवलं, शब्दन् शब्द. आवाज तेवढा खाली ठेवला, शिपाई जवळ होते ना!

"अगदी माज्या मनातलं लिवलंत, दादा," म्हणत तिने डोळे पुसले आणि अंगठा उठवला.

सुनावणीत तालुकदारसाहेबांनी, म्हणजे त्याच वरच्या साहेबांनी, विचारलं, अमीनाने मारल्याचं यात कुठे आहे? उलट खोटा आळ घेतेस म्हणून तिलाच दटावून बाहेर काढलं.

ती तडक माझ्याकडे आली. आता ही चारचौघांत माझे वाभाडे काढणार, असं मला वाटलं. काढले असते तर फार बरं झालं असतं.

"दादा, आतल्या लोकान्नी कागद बदलला हो. तुमी वाचलेलं म्या माज्या कानानं ऐकलंय. चला, सायबाला तेवढंच वाचून दाखवा."

मी दौतीला बूच लावलं. जरा घरी जाऊन येतो, म्हणालो. धड खोटंही बोलता येईना.

"या की. मी हाय हितंच," ती म्हणाली.

मी बस्ता उचलून निघालो. परत जायचं नाही हे मला पहिल्या पावलालाच माहीत होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही. कोपऱ्यावरून मागे पाहिलं. दुसरा एक अर्जीवाला लिंबाखाली चटई टाकू पाहत होता आणि ती हात आडवा करून त्याला सांगत होती, ही जागा आमच्या दादांची हाय, त्ये येणारेत.