वाढवलेल्या बांगड्या

त्या दिवशी आमच्या खोलीत कोन कोन हुतं ते आदी सांगते. मी, सोनाबाई. माझी सून मंगल. शेजारची हौसाबाई. बायकांच्या संस्थेची पोर प्रणिता, हितल्याच तेलुगू घरातली, इंग्रजी शाळेत शिकल्याली. आन ती वकीलबाई. आफ्रिकेत पश्चिमेकडं घाना म्हनून देश हाय म्हनं, तितनं आल्याली. एवढ्या जनी हुत्या, पन माझ्या मनात काय हुतं ते एकीलाबी ठावं न्हाय. मंगलला अर्धंच ठावं हाय. बाकीचं अर्धं मी आजपतुर तोंडातनं काढलं न्हाय.

चौथीपतुर शाळा झाली माझी. लिवताना ओळ वाकडी जाती. जाऊ द्या.

आमी मूळचे सांगोल्याकडचे. मेंढरं हुती. पानी आटलं, मेंढरं इकली, सोलापुरात आलो, विड्या वळाय लागलो. धनी मी तरनी असतानाच गेलं. पोरगा एकटाच — त्योबी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर टमटम उलटून गेला. राहिलो मी आन मंगल. समोरासमोर बसतो, मांडीवर सूप, सुपात पानं आन तंबाखू. अजूनबी तसंच बसतो.

ती वकीलबाई बायकांसाठी कोर्टात भांडती, असं प्रणितानं सांगितलं. आमाला काय — आमी तिचं केसच बगत बसलो. बारीक बारीक वेन्या, मुंग्यांच्या रांगंवानी. हौसाबाईनं इचारलं, "बाई, ह्या घालाय येळ किती लागतो?" तर म्हनं सकाळी बसलं की दिवेलागणीला उठायचं. हौसाबाई म्हनली, "मग सैपाक कोन करतंय, नवरा?" बाई लई हसली. नाव इचारलं तर आमा. शनवारी जन्मली म्हनून आमा. त्यांच्यात वारावरनंच नाव ठिवत्यात. मी म्हनलं, "मग ही बी तुमच्यातलीच की. मंगळवारची, म्हनून मंगल." मला नवल वाटलं. एवढ्या लांब — आन रीत तीच?

ती फरशीवरच बसली. पान घेतलं, विडी वळाय बघितली. हौसाबाई म्हनली, "ही विडी न्हाय बाई, तुतारी हाय."

मग तिनं तिच्या आईचं सांगितलं. बाप मेल्यावर आईला भावकीतल्या बायकांनी खोलीत कोंडलं, डोकं भादरलं. ही तवा ल्हान हुती, दाराच्या फटीतनं बगत हुती. म्हनून वकील झाली. आन मग तिनं माझ्याकडं वळून इचारलं — नवरा गेल्यावर तुमच्यात काय करत्यात?

मी म्हनलं, "बांगड्या वाढवत्यात."

आता तुमाला ठावं हाय. आमच्यात बांगडी फुटली म्हनत न्हाईत. नारळ वाढवला म्हनायचं, दुकान बंद करताना दुकान वाढवलं म्हनायचं, तसंच हे. वंगाळ सबुद तोंडात येऊ ने म्हनून चांगला वापरायचा. पन प्रणिताला ते कुटलं? तिनं बाईला इंग्रजीत सरळ सांगितलं — जास्तीच्या बांगड्या घालतात.

बाईचा चेहरा असा उजळला. तिनं इचारलं, किती वाढवता? दुःखात बाईचा हात भरायचा, ही रीत तिला लई आवडली म्हनं, घरी गेल्यावर आईला सांगनार. हौसाबाईनं तोंडाला पदर लावला.

मी तितंच सांगायला पायजे हुतं. एक सबुद बदलायचा हुता. मी म्हनलं, "ज्याच्या त्याच्या ऐपतीपरमानं."

का म्हनले मी असं?

मंगल समोरच हुती. मान खाली, पान कातरत. तिचं हात मोकळे. डाव्या मनगटावर पांढरी रेघ हाय, काच घुसल्याली. बाईची नजर तितं गेली. तिनं इचारलं, मग हिच्या हातात का न्हाईत?

"विड्या वळताना आडव्या येत्यात," मी म्हनलं.

हौसाबाईचं दोन्ही हात कोपरापतुर भरल्याले, आन ती विड्या वळत हुती. बाईनं तिच्या हाताकडं बघितलं. मग माझ्या मोकळ्या हाताकडं. मग माझ्याकडं. वकीलच ती. आपल्या मनगटातली मन्यांची माळ काढली आन मंगलच्या हातात घातली. त्यांच्याकडं फुटक्या बाटल्यांची काच कुटून, भट्टीत भाजून मनी करत्यात म्हनं. निळं, पिवळं. मंगलनं त्यो हात नुसता वर धरला. काम थांबलं तिचं.

बाई गेली. मी म्हनलं, "काढ ती. गल्लीतली लोकं बगतील." तिनं काढून दिली.

ही झाली मंगलला ठावी असल्याली गोष्ट. तिला वाटतं सासू लोकांना भ्याली. बांगड्यांचंबी तिला तसंच वाटतं — भावकीनं करायला लावलं. मीच सांगितलंय तिला तसं. किती वर्सं सांगत आल्ये.

तसं न्हवतं.

पोरग्याच्या दहाव्याला भावकीतली समद्यात म्हातारी बाई, माझी चुलत सासू, म्हनली हुती, "सोने, राहू दे. पोर तरनी हाय. आता कोन करतंय हे?" बाकीच्या बायकाबी गप ऱ्हायल्या. कुनाचा जोर न्हवता. मंगल आत, शुद्धीत न्हवती. हे बोलनं तिनं ऐकलं न्हाय. आन मी दगड घेऊन आत गेले. मी तिचा हात धरला.

पोराचं दुःख हुतं, व्हय. पन दुःखानं केलं न्हाय ते. माझ्या हातातल्या गेल्या तवा मी मंगलपक्षाबी ल्हान हुते. कुनी म्हनलं न्हवतं राहू दे म्हनून. मग हिच्या का ऱ्हाव्यात? एवढंच हुतं मनात. दगड खाली येईपतुर एवढंच.

म्हनून मी बाईपुढं फोडल्या म्हनले न्हाय. फोडल्या म्हनलं असतं तर तिनं पुढचं इचारलं असतं — कुनी?

आन ती माळ. ती डब्यात, तंबाखूखाली ठिवली. एका दुपारी मंगल विड्या द्यायला कारखान्यात गेली, तवा मी काढली आन माझ्या हातात घातली. आरशापुढं न्हाय, नुसतीच. बराच येळ हात फिरवून बघितला. हातात काय असलं की हात येगळा दिसतो का, ते बगायचं हुतं मला. दिसतो. जिन्यात मंगलची चाहूल लागली तशी काढली, पुन्ना डब्यात.

काल ती धुतली, तरी तंबाखूचा वास जात न्हाय. आज मंगलच्या उशाला ठिवनार हाय, आन हे लिवल्यालं तिच्याखाली. तिला वाचाय येतं. घालायची का फेकायची ते तिचं ती बगंल.

मंगलनं हे आनिक कुनाला दाखवलं, तर तुमाला एकच सांगनं हाय. परक्या मानसाला आमची बोली समजावून सांगायची पाळी आली, तर वाढवल्या म्हनू नका. फोडल्या म्हना. आन त्यानं कुनी फोडल्या म्हनून इचारलं, तर नाव सांगा.