डोंगर उजव्या हाताला

प्रदक्षिणाकाका गेल्या वाटेने कधी परत येत नसत. रियाधला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बकाला होता, म्हणजे आपला वाणी. तिथून दह्याचा डबा आणायचा असला तरी हा माणूस जाताना सरळ जाणार आणि येताना मशिदीमागून, वाळक्या खजुरींना वळसा घालून उगवणार. तोवर दही कोमट. कोणी हटकलं तर म्हणत, "गेल्या वाटेने परत यायला गाढवालाही जमतं. ते बघत काहीच नाही." डोंगरात हा नियम आणखी कडक व्हायचा. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा, पूर्ण फेरी घालायची आणि निघालो तिथेच येऊन उतरायचं, देवळाला घालतात तशी. प्रदक्षिणाकाका हे नाव मीच ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "नाव बरं आहे. देव कोणता ते मात्र विचारू नकोस."

काका नाशिकचे, पंपांचे इंजिनिअर, आमच्या ह्यांच्याच कंपनीत. त्यांची बायको नाशकात शाळेत शिकवायची. इथे ते एकटेच. तरुणपणी सह्याद्रीतले बरेचसे गड त्यांच्या पायांखालून गेले होते. वाळवंटात येऊन पडल्यावर त्यांनी रियाधच्या पश्चिमेचा तुवैकचा कडा हुडकून काढला. गावाकडून जाताना जमीन सपाट दिसते आणि एकाएकी संपते. खाली सरळ दरी. त्या कड्याच्या पायथ्यापासून उंटांच्या जुन्या वाटेने वर चढायचं, काठाकाठाने चालायचं आणि पलीकडच्या घळीतून उतरून परत पायथ्याला लागायचं, ही त्यांची शुक्रवारची फेरी. सोबत कोणी आलं तर आलं.

एका फेरीला मी गेले त्याचा फोटो घरात आहे. तो बघून माझी नातवंडं लोळण घेतात. काळा पायघोळ अबाया, त्याखाली पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, तोंड झाकेल एवढा गॉगल आणि ओठांना लिपस्टिक. ती कोणाला दाखवायची होती, त्या कड्याला की घोरपडींना, देव जाणे. मी त्या काळी स्वतःला ट्रेकर समजत असे. भांडवल काय, तर लग्नाआधी सिंहगडावर खाल्लेलं पिठलं. तिथेही निम्मी वाट जीपने गेले होते.

पण ती फेरी सहलीची नव्हती. इराकने कुवेत गिळून काही महिने झाले होते आणि कुवेत सोडण्यासाठी दिलेली मुदत संपत आली होती. रियाधमध्ये काही म्हणता काही घडत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. दुकानं उघडी, रस्ते स्वच्छ, फक्त चिकटपट्टी कुठे मिळेनाशी झाली होती. खिडक्यांच्या काचांवर लोकांनी फुल्या मारून ठेवल्या होत्या. उत्तरेकडे जाणाऱ्या वाळूच्या रंगाच्या ट्रकांच्या रांगा सकाळी दिसत, संध्याकाळी दिसत; परत येणारा ट्रक मात्र मी पाहिला नाही. इराक विषारी वायू सोडणार, असं सगळेच म्हणत, तेही आवाज खाली आणून, जसं काही मोठ्याने बोललं तर तो ऐकेल.

कंपनीने विषारी वायूचे मास्क वाटले. ह्यांना एक, मला एक. आमच्या मनूला, दीड वर्षाच्या पोरीला, काही नाही. लहान मापाचे आलेच नव्हते. हे रोज स्टोअरमधल्या इजिप्तच्या कारकुनाकडे जात आणि तो रोज छातीवर हात ठेवून सांगे, "बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. मी माझा मास्क मनूच्या तोंडाला लावून पाहिला. तिचं सगळं डोकं त्यात मावलं आणि ती आतून हसली.

निघून जायचं म्हटलं तर ह्यांना सुट्टी नव्हती. शहराचं पाणी चालू ठेवणारी माणसं कंपनी सोडत नव्हती. माझ्या आणि मनूच्या देशाबाहेर जाण्याच्या परवान्यावर मात्र शिक्का मिळत होता. तो मी नाकारला होता. "मरायचं तर तिघं एकत्र मरू," असं मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जाहीर केलं होतं. एक हात चौकटीवर, पदर खांद्यावरून वाऱ्यावर. वारा एसीचा होता.

हे ऐकायला त्या दिवशी काका होते. चहा संपवून ह्यांना म्हणाले, "सुधीर, वायू जड असतो. सखल जागी साठतो. पोरीला मास्क नसेल तर तिला उंची लागेल. तुवैकच्या काठाखाली एक कपार आहे. पावसाचं पाणी असतं तिथे. सायरन झाला की गाडीने तिथवर जाऊन वर चढता येतं का, ते एकदा करून बघू." मला वाटलं, युद्ध असो नाहीतर होळी, म्हाताऱ्याला डोंगर चढायला निमित्त लागतं. मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली.

आम्हाला पायथ्याशी सोडायला दाऊदभाई आले. ते दापोलीकडचे, रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामातली पिकअप चालवायचे. काकांनी आपल्या जुन्या हॅवरसॅकला दोन भोकं पाडली होती. त्यातून मनूचे पाय बाहेर काढून त्यांनी तिला पाठीवर घेतलं. दाऊदभाई बघत राहिले.

"काका, इथले बदू उठून गेले बघा. शेळ्याबिळ्या सगळ्या घेऊन. जनावर हलवतो तो माणूस उगाच नाय हलवत."

"म्हणून तर जागा रिकामी आहे," काका म्हणाले.

"माझं ऐका, पोरीला तरी माझ्याजवळ ठेवा."

"दाऊद, ही फेरी पोरीचीच आहे. आम्ही नुसते हमाल."

खरंच, एरवी त्या दरीत बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या धनगरांच्या, बकऱ्यांचा आवाज असे म्हणतात. त्या दिवशी काट्यांचं कुंपण उघडं पडलं होतं आणि चुलीतली राख गार होती. आम्ही चढू लागलो. वाट एका उंटाच्या रुंदीची, डाव्या हाताला दरी, पायाखाली सुटे दगड. काका पुढे; काठीने आधी दगड हलवून बघत, मग पाय टाकत. ह्यांचा हात माझ्या दंडाला. माझे पांढरे बूट पहिल्याच वळणावर विटकरी झाले आणि अबाया काटेरी झाडात इतक्या वेळा अडकला की शेवटी मी तो कमरेला खोचला. मध्येच एक दगड माझ्या पायाखालून निसटला. तो खाली पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मी तोवर बसूनच घेतलं.

"सूनबाई," काका मागे न बघता म्हणाले, "इथे बसलीस तर सायरनच्या वेळी मागची सगळी माणसं तुझ्यावर अडतील. ऊठ."

ते एकट्या आमच्यापुरता विचार करत नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गल्लीत आणखीही पोरं होती.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. खाली दूर महामार्ग दिसत होता, त्यावरून ट्रक सरकत होते, मुंग्यांसारखे निमूट. आकाशात विमान दिसेना, नुसती घरघर. ती थांबली तरी कानात राही. काकांनी आम्हाला काठाच्या जरा खाली कपारीत उतरवलं. जागा छानच होती. मागे खडक, वर छत, कोपऱ्यात खळगाभर पाणी. मी पुऱ्या सोडल्या.

काका एकटेच परत वर गेले. मी मान उंचावून पाहिलं. कड्यावर, शहराकडे तोंड करून ते उकिडवे बसले आणि त्यांनी दगडांच्या फटीत उदबत्त्या लावल्या, अख्खा पुडाच. या माणसाला मी कधी देवापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. मी पुरी खाली ठेवली, डोक्यावर ओढणी घेतली आणि कपारीतूनच नमस्कार केला. मनूलाही करायला लावला.

थोड्या वेळाने चंदनाचा वास आला. आधी जरासा, मग चांगला, मग इतका की पुऱ्यांना, कपड्यांना, मनूच्या केसांनाही लागला. मनू नाक वर करून म्हणाली, "बाप्पा." काकांनी वरून वाकून विचारलं, "वास येतोय का?"

"हो, मस्त येतोय," मी म्हटलं. "अगदी गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटतंय."

हे थांबलेच. पुरीचा घास हातात तसाच. मी मात्र अजून हसत होते. काका खाली उतरून आले, कपारीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही भिंतींकडे पाहिलं. धूर तिथे निळसर पडदा धरून होता, हलत नव्हता.

"वारा शहराकडून येतो," ते ह्यांना म्हणाले. "कड्यावरून खाली सांडतो आणि इथे येऊन साठतो." "इतकी वर्षं येतोय. उंची पाहिली, पाणी पाहिलं. वारा कधी पाहिला नाही."

मी मनूला छातीशी धरलं. वास गोडच होता.

फेरी त्यांनी पुरी केली, कारण उतरायला घळ जवळ होती. उतरण चढणीपेक्षा वाईट. जागोजाग बसून, हातांवर भार देत उतरावं लागलं. काका मनूला पुढे छातीशी बांधून घेऊन पाठीने उतरत होते, प्रत्येक पाऊल चाचपून. एका टप्प्यावर आम्ही दोघं एकाच दगडाला धरून थांबलो होतो. ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, एकत्र मरण्यात काही विशेष नसतं. गर्दी होते नुसती."

मी खालच्या दगडावर पाय चाचपू लागले.

"शिक्का मिळतोय ना? मग खलास, प्रश्न मिटला. हिला घेऊन जा. सुधीरचं मी बघतो."

खाली दाऊदभाई गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मनूला घेतलं, तिच्या केसांचा वास घेतला आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "जागा बरोबर नाही."

त्या आठवड्यातच मी निघाले. विमानतळावर माणसं गाठोड्यांवर बसली होती आणि पोरंसुद्धा रडत नव्हती. काकांनी मनूला माझ्याकडे दिलं तेव्हा तिने त्यांच्या शर्टाचं बटण धरून ठेवलं होतं. ते त्यांनी सावकाश सोडवलं. मला म्हणाले, "जा. मागे बघत बसू नकोस, रांग मोडते." आणि ते वळले. कुठल्या वाटेने गेले, मला दिसलं नाही.

मुदत संपली, युद्ध लागलं. हे पुढे सांगत, सायरन वाजला की काका आमच्याच घरी येऊन बसत, न्हाणीघराच्या दाराखाली ओले टॉवेल सारून. मास्क मात्र कपाळावरच ठेवायचे. "आत बोलता येत नाही," म्हणायचे, "आणि तुला धीर द्यायला बोलावं तर लागतं." एका दुपारी सायरन संपला, सगळं ठीक असल्याचा भोंगा झाला, ह्यांनी चहा टाकला. काका भिंतीला टेकून बसले होते, ते उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना नाशिकला पोचवायला विमानं परत नीट सुरू होईपर्यंत थांबावं लागलं.

वायू काही आला नाही. लोक आता त्या चिकटपट्ट्यांवर आणि मास्कवर हसतात; मीही हसते, सगळ्यांत मोठ्याने.

त्या उन्हाळ्यात हे परतले आणि आम्ही तिघं नाशिकला काकूंना भेटायला गेलो. काकू शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, हाताला खडू. मनूकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हीच का ती?" त्या म्हणाल्या. "त्यांची सुट्टी सगळ्यांच्या सुट्ट्या बंद व्हायच्या आधी, डिसेंबरातच मंजूर होती. तिकीटही काढलेलं. फोनवर म्हणाले, इथे एका मुलीला मास्क मिळत नाहीये, तेवढं बघतो आणि येतो."

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग मिळाला का?" काकूंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "लागला नाही."

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि मनूसाठी दूध गरम करायला आत गेल्या.