अण्णानं सांगितलेली दत्ताची खोड

मंडळी, आज सकाळी आपल्या बास्केटबॉल क्लबचा श्रीनिवास अण्णा कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळला. समोर टेंभुर्णीचा दत्ता होता. बारा वर्षं दत्ताला अडवावं ते अण्णानंच.

सामना संपल्यावर अण्णा त्याला म्हणाला, "शॉट मारायच्या आधी तू डावा खांदा पाडतोस. त्यावरनं मला कळायचं."

"बारा वर्षांनी सांगतोस व्हय?" दत्ता हसला.

"आजपर्यंत ते माझ्या कामाचं होतं. आता तुझ्या कामाचं हाय."

मी चिडलो. "अण्णा, पुढच्या वर्षी हा आपल्यालाच हरवंल की!"

"मग आपल्या पोरांनी लई चांगलं खेळावं."

पुढच्या वर्षी दत्ताचा खांदा पडणार नाही, याची मला खात्री आहे. त्यानं पहिली बास्केट केली की आजवर हुर्यो उडवणारा मी टाळी वाजवणार. तुम्ही?