व्याह्यांची गुराब

कागदावरूनच का होईना, अशी जवळ बस गं. इचिकावाला राहतेस, आमचं टोकियोतलं ओजिमा एका गाडीवर, आणि चार महिन्यांत मावशीकडे फिरकली नाहीस. बरं, रागावत नाही. आमच्या व्याह्यांबद्दल सांगायचंय.

एवढा हट्टी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. जावयाचे वडील, मुंबईच्या गोदीत सुतार होते, इथे मुलाकडे राहायला आले होते. पूर्वजांनी मराठ्यांच्या आरमारासाठी गुराबा बांधल्या, दोन डोलकाठ्यांची लढाऊ जहाजं, त्यामुळे व्याही स्टेशनातला बाकसुद्धा बोटानं वाजवून बघत आणि "हे काय लाकूड?" म्हणून गाडी येईपर्यंत उभे राहत. मोठ्या भूकंपानंतर लेकीनं कपाटं भिंतीला जखडली. यांनी स्वतः बनवलेली हातभर लांब छोटी गुराब जखडू दिली नाही. "जहाजाला हलायची सवय हवी, विहीणबाई." जमीन हलली की आम्ही टेबलाखाली आणि हे गुराब छातीशी धरून खोलीच्या मधोमध.

सफरचंदांच्या खोक्यांच्या फळ्यांची ती. यांचे डोळे अधू होत चाललेले. दिसेनासं व्हायच्या आत ती तरली पाहिजे, एवढंच मागणं. आंघोळीच्या टबात सोडली की बुडायची. रंधा मुंबईला राहिलेला, फळ्या काचेनं घासलेल्या, सांधे बसेनात.

शेजारच्या आजींनी हे गॅलरीतून पाहिलं. त्या भूकंपाच्या लाटेत त्यांचं किनाऱ्यावरचं गाव गेलं, होड्या बांधणारे यजमान गेले. मुलाचं इथलं दार दुरुस्त करायला यजमानांनी आणलेली हत्यारांची पेटी तेवढी टोकियोत राहिली. ती त्यांनी उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली आणि रंधा व्याह्यांच्या हातात दिला. हे आपल्या सवयीनं पुढे ढकलायला लागले. इथला रंधा स्वतःकडे ओढायचा असतो. तीन दिवस आजी नुसत्या बघत राहिल्या. चौथ्या दिवशी "चिगाउ, चिगाउ," म्हणजे चुकतंय, असं म्हणत त्यांनी यांच्या हातावर हात ठेवला आणि ओढला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस मुकाट ओढत राहिला. संध्याकाळी मला म्हणाले, "रंध्यावर अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसतो."

गुराब तरली. पुढच्या आठवड्यात हे मुंबईला गेले, ती आजींकडे ठेवून, तोफा न लावता. "पुढच्या खेपेला लावतो," असं नातीकडून जपानीत सांगवलं.

आता त्यांना उजेड नि अंधार एवढंच कळतं. प्रवास संपला त्यांचा. आजी जिन्यात भेटल्या की विचारतात, कधी येणार? मी हसते आणि भाजीची पिशवी सावरत पुढे जाते. लहानग्या नातीच्या तोंडून हे सांगवायला माझं मन धजत नाही. तुला जपानी बोलता येतं. लवकर ये, बाई, आणि माझ्याबरोबर त्यांच्या दाराशी चल.