परातीवरची मोटार

“माताजी, पोते के लिए?” सिटी सेंटरमधल्या दुकानात दुकानदाराने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींना विचारलं.

“नहीं भैया, अपने लिए.”

मी चमकून पाहिलं. मीही कॉम्प्युटरवर गाड्यांचे खेळ खेळायला स्टिअरिंगच घ्यायला आले होते. मला त्याने “भाई के लिए?” असं विचारलं, तेव्हा मी होकारार्थी मान हलवली. मग त्याने लाल दिव्यांचं, खेळण्यासारखं एक स्टिअरिंग माझ्यापुढे ठेवलं.

आजींनी चपला काढून अनवाणी पायाने ब्रेक दाबून पाहिला. चाक पूर्ण वळवून सोडलं आणि ते आपणहून सरळ येतंय ना, ते बघितलं. माझ्या तोंडून “भारीच!” निघालं, तशा त्या मराठीत बोलू लागल्या.

“माझे वडील संस्थानची मोटार चालवायचे. संस्थान विलीन झालं, मोटार गेली. मग मला त्यांनी परातीवर शिकवलं. हातात परात, पायाखाली पाट. आई ओरडायची, ‘कणीक कशात भिजवू?’ तर म्हणायचे, ‘मोटार सरकारजमा झाली, हात थोडेच झाले?’”

हे सांगतानाही त्यांचे हात चाकावरच होते आणि मान ताठ होती. क्लचचं पेडल असलेलं जड स्टिअरिंग घेऊन त्या गेल्या.

“तो भैया का लाल वाला पैक कर दूँ?” दुकानदाराने मला विचारलं.

मी ते लाल चाक मागे सरकवलं.

“भाई के लिए नहीं. मैं चलाऊँगी. क्लच वाला दीजिए.”